पुतळ्यांच्या रांगेत नसलेला सेनापती

१८८१ सालचा मार्च. वॉशिंग्टनमध्ये सेनेट भरली होती आणि सभागृह कुणाच्या ताब्यात जाणार हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. रिपब्लिकन ३७, डेमोक्रॅट ३७. इलिनॉयचे डेव्हिड डेव्हिस अपक्ष, पण समित्यांच्या वाटपात डेमोक्रॅटांकडे झुकलेले. उरला एकच माणूस. व्हर्जिनियाहून पहिल्यांदाच आलेला, जेमतेम १०० पौंड वजनाचा, छातीवर लांब दाढी रुळणारा विल्यम महोन. सोळा वर्षांपूर्वी तो रॉबर्ट ली यांच्या सैन्यात मेजर जनरल होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघासाठी, म्हणजे कॉन्फेडरसीसाठी, तो चार वर्षं लढला होता. अशा सेनापतींपैकी बहुतेक जण पुढे डेमोक्रॅट झाले. त्यामुळे हाही आपलाच, असं डेमोक्रॅटांनी धरून ठेवलं होतं.

कुणकुण मात्र लागलेली होती. जॉर्जियाचे बेंजामिन हिल स्वतः युद्धकाळात दक्षिणेच्या सेनेटमध्ये बसलेले गृहस्थ. १४ मार्चला त्यांनी भर सभागृहात विचारलं की डेमोक्रॅट म्हणून निवडून यायचं आणि पलीकडे जाऊन बसायचं, असं करणारा तो कोण आहे? महोन उभा राहिला. आपण डेमोक्रॅट म्हणून आलेलोच नाही, आपण 'रिॲडजस्टर' आहोत, आणि व्हर्जिनियाच्या लोकांखेरीज कुणाला जाब देणं लागत नाही, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं रिपब्लिकनांच्या बाजूनं मत टाकलं. मतं समसमान झाली, उपाध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या निर्णायक मतानं समित्या रिपब्लिकनांकडे गेल्या. नवख्या महोनला शेती समितीचं अध्यक्षपद मिळालं. दक्षिणेत त्याच्या नावापुढे 'गद्दार' हा शब्द लागला तो तेव्हापासून.

हा शिक्का त्याच्यावर कशासाठी बसला, ते नीट पाहण्यासारखं आहे. युद्ध हरल्यामुळे नाही, माणसं मारल्यामुळे नाही, गुलाम बाळगल्यामुळे तर नाहीच. व्हर्जिनियातल्या गरीब गोऱ्यांना आणि कालपर्यंत गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांना एकाच पक्षात आणून त्यानं सत्ता मिळवली आणि त्या सत्तेतून शाळा उघडल्या, यामुळे बसला. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तेव्हा त्या सत्तेची, १८७९ ते १८८३ ही चार वर्षं हमखास गळतात. युद्ध, मग मुक्ती, मग वर्णभेदाचे कायदे, मग मार्टिन ल्यूथर किंग अशी सरळ उडी घेतली जाते. मधल्या काळात दुसरी वाट निघाली होती, ती चार वर्षं वापरात होती, आणि ती बंदुका दाखवून बंद करण्यात आली. महोनचं आयुष्य वाचायचं ते या वाटेसाठी.

त्याचा जन्म १ डिसेंबर १८२६ चा, आग्नेय व्हर्जिनियातल्या साउदॅम्प्टन काउंटीतला. तो पाच वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, ऑगस्ट १८३१ मध्ये, याच काउंटीत नॅट टर्नर या गुलामानं बंड पुकारलं. पन्नासच्या वर गोरी माणसं मारली गेली. सूड म्हणून त्याहून कितीतरी अधिक कृष्णवर्णीयांना ठार करण्यात आलं. टर्नरला नोव्हेंबरमध्ये जेरुसलेम नावाच्या गावात फाशी दिली गेली. पुढे याच जेरुसलेममध्ये महोनच्या वडिलांनी खाणावळ चालवली आणि पोरसवदा विल्यम घोड्यावरून टपाल पोचवू लागला. त्या मुलखात वाढलेल्या गोऱ्या पोराच्या मनात कृष्णवर्णीय शेजाऱ्याविषयी काय रुजलं असेल, याची कल्पना करता येते. म्हणूनच पुढच्या गोष्टीचं मोल वाढतं.

व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून १८४७ मध्ये तो स्थापत्य शिकून बाहेर पडला. थोडे दिवस मास्तरकी केली, पण जीव रमला तो रेल्वेत. १८५३ मध्ये नॉरफोक ते पीटर्सबर्ग या मार्गाचा तो मुख्य अभियंता झाला. वाटेत 'ग्रेट डिस्मल स्वॅम्प' ही अफाट दलदल होती. मालकांकडून पळालेले गुलाम तिथे लपून राहत. भराव टाकावा तर चिखल गिळून टाकी. महोननं झाडांचे ओंडके एकावर एक आडवे-उभे रचून पाण्याखाली त्यांची चटई केली आणि तिच्यावर रूळ टाकले. पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून लाकूड कुजलं नाही. या कामावर गुलाम मजूरही राबले. पुढे सफोक ते पीटर्सबर्ग हा जवळजवळ ५२ मैलांचा पल्ला त्यानं एका सरळ रेषेत नेला. आजही त्या पायावरून मालगाड्या धावतात. महोनच्या कामांपैकी सर्वांत टिकाऊ हेच, आणि याविषयी त्याच्या शत्रूंनीही कधी तक्रार केली नाही.

त्याची बायको ओटेलिया वाचनवेडी. या मार्गावरच्या स्थानकांना तिनं वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतली नावं दिली, असं तिथले लोक सांगतात. वेकफील्ड, वेव्हर्ली, विंडसर ही ती स्थानकं. एका स्थानकाच्या नावावरून नवरा-बायकोचं जमेना, म्हणून त्याचं नाव 'डिस्प्युटान्टा' पडलं, असंही सांगतात.

युद्धात तो शिरला तोच रेल्वेवाल्याच्या डोक्यानं. एप्रिल १८६१ मध्ये नॉरफोकजवळच्या सरकारी गोदीवर फार थोडे लोक असताना त्यानं एक गाडी गुपचूप बाहेर काढायची, मग शिट्या वाजवत आणि सैनिकांना आरोळ्या ठोकायला लावत परत आणायची, असा फेरा चालवला. कुमक येते आहे असं वाटून संघराज्याच्या अधिकाऱ्यांनी गोदीला आग लावली आणि निघून गेले. पुढच्या तीन वर्षांत त्याचं नाव मधल्या फळीतलंच राहिलं. पचनाच्या विकारानं तो इतका बेजार असे की मोहिमेवर दुधासाठी गाय आणि अंड्यांसाठी कोंबड्या बरोबर असत. ६ मे १८६४ ला विल्डरनेसच्या झाडीत त्याच्याच माणसांनी चुकून झाडलेल्या गोळीनं जनरल जेम्स लाँगस्ट्रीट गंभीर जखमी झाले. योगायोग असा की युद्धानंतर रिपब्लिकनांकडे गेलेले दक्षिणेचे दोन सर्वांत मोठे सेनापती हेच, गोळी लागलेला आणि गोळी झाडणाऱ्यांचा नायक.

पण महोनचं नाव घरोघरी पोचलं ते ३० जुलै १८६४ ला, पीटर्सबर्गच्या वेढ्यात.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणीतल्या माणसांनी दक्षिणेच्या खंदकांखाली ५०० फुटांहून लांब बोगदा खणला आणि त्यात ८,००० पौंड दारू भरली. पहाटे पावणेपाचच्या सुमारास ती उडाली. जवळजवळ पावणेतीनशे दक्षिणी सैनिक जागीच गेले आणि जमिनीत प्रचंड विवर पडलं. इतिहासात ही लढाई 'क्रेटर' याच नावानं ओळखली जाते. उत्तरेच्या फौजा विवराच्या कडेनं जायच्या ऐवजी आत उतरल्या आणि अडकल्या. मागून कृष्णवर्णीय पलटणी आल्या. या हल्ल्यात पुढे राहण्याचा सराव त्यांनी केला होता, पण ऐनवेळी त्यांना मागे ठेवण्याचा निर्णय झाला होता. सकाळी नऊच्या सुमारास महोनच्या तुकड्यांनी उलट चाल केली. दुपारपर्यंत उत्तरेची ३,८०० च्या आसपास माणसं मेली, घायाळ झाली किंवा पकडली गेली. आणि त्या विवरात शस्त्रं टाकून हात वर केलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली. पकडून मागे नेत असतानाही काहींना मारण्यात आलं. मारणारे महोनच्या हुकमातले होते. या दिवसानं त्याला मेजर जनरल केलं आणि 'क्रेटरचा वीर' ही पदवी दिली. त्याच्या पुढच्या राजकारणाचं कौतुक करताना हा दिवस गाळून चालणार नाही. तो पुसायचा प्रयत्न त्यानं स्वतः कधी केला नाही, उलट आयुष्यभर मिरवला.

पीटर्सबर्गची फळी एप्रिल १८६५ च्या सुरुवातीला फुटली आणि आठवड्याभरात लींनी शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईला पोचली तेव्हा इथे आकाश कोसळलं. अमेरिकेचा कापूस बंद असल्यामुळे चार वर्षं सोन्याच्या भावानं विकला गेलेला आपला कापूस एकाएकी घसरला, बॅक बे भराव कंपनीच्या शेअरांची रद्दी झाली आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखे बाजाराचे राजेही बुडाले. व्हर्जिनियाच्या त्या खंदकांशी मुंबईचं नातं असं रोकड्या व्यवहाराचं होतं.

महोन रेल्वेकडे परतला. नॉरफोकपासून राज्याच्या पार पश्चिम टोकाच्या ब्रिस्टलपर्यंतच्या तीन कंपन्या एकत्र करून त्यानं १८७० मध्ये सुमारे ४०० मैलांची 'अटलांटिक, मिसिसिपी अँड ओहायो' ही रेल्वे उभी केली. तिच्या 'ए. एम. अँड ओ.' या आद्याक्षरांचा अर्थ लोक 'सगळं माझं आणि ओटेलियाचं' असा लावत. पगार मोठा, दरारा त्याहून मोठा. विधिमंडळातले सदस्य कसे वळवायचे हे तो याच काळात शिकला. १८७३ च्या मंदीत कंपनी अडचणीत आली, १८७६ मध्ये ती न्यायालयानं नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेली आणि १८८१ मध्ये विकली गेली. आजच्या नॉरफोक सदर्नची एक मुळी तीच.

रेल्वे हातची गेल्यावर त्याला राजकारण सुचलं, असं त्याचे विरोधक म्हणत. त्यात तथ्य आहे. १८७७ मध्ये त्यानं सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. मग त्यानं असा प्रश्न हातात घेतला की ज्यानं त्या पक्षाचे दोन तुकडे झाले. तो प्रश्न होता राज्याच्या कर्जाचा.

हे कर्ज नीट समजून घ्यावं लागतं, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. युद्धापूर्वी व्हर्जिनियानं कालवे, रस्ते आणि रेल्वेसाठी रोखे काढून मोठी रक्कम उभी केली होती. युद्धात व्याज थकलं आणि १८७१ पर्यंत आकडा साडेचार कोटी डॉलरांच्या घरात गेला. दरम्यान राज्याचा पश्चिम भाग तुटून वेस्ट व्हर्जिनिया झाला होता, शेतं उजाड होती, पूल जळले होते. तरीही १८७१ च्या फंडिंग कायद्यानं कर्जाचा दोन-तृतीयांश भाग व्हर्जिनियानं सहा टक्के व्याजासह मान्य केला. त्यातली मेख कूपनमध्ये होती. रोख्यांना जोडलेली व्याजाची कूपनं कर भरताना पैशांऐवजी चालतील, असं कायद्यात घातलं गेलं. रोखेवाले कूपनं स्वस्तात विकत, सधन करदाते ती घेऊन कर भरत आणि सरकारी तिजोरीत नाण्यांऐवजी कागद साचत. (ज्या विधिमंडळानं हा कायदा केला त्यानंच आदल्या वर्षी महोनच्या रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणाला मान्यता दिली होती. हेही त्याच्या खात्यावर मांडलं पाहिजे.)

तूट आली की कात्री कशाला लागते? शाळांना. १८६९ च्या राज्यघटनेनं व्हर्जिनियात पहिल्यांदा सर्वांसाठी मोफत सरकारी शाळा आणल्या होत्या. त्यांचा पैसा व्याजाकडे वळवला जाऊ लागला. १८७८-७९ पर्यंत शाळा धडाधड बंद पडल्या आणि पटसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. शाळांचा पैसा वाचवणारं एक विधेयक मंजूर झालं तेव्हा गव्हर्नर हॉलिडे यांनी ते नाकारलं. मोफत शाळा ही चैन आहे, ज्याला हवी त्यानं तिचे पैसे मोजावेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. राज्याची अब्रू म्हणजे सावकाराचं व्याज, ही त्या वर्गाची ठाम समजूत होती. डोंगराळ पश्चिमेतल्या गोऱ्या शेतकऱ्याला आणि पूर्वेतल्या मुक्त झालेल्या मजुराला या अब्रूत आपला वाटा काय, ते कळत नव्हतं. दोघांचीही पोरं घरी बसली होती.

इथेच महोनची नजर कामी आली. फेब्रुवारी १८७९ मध्ये रिचमंडला परिषद भरली आणि रिॲडजस्टर पक्ष उभा राहिला. मागणी एकच, कर्जाची फेरमांडणी. जेवढं न्यायानं आपल्या वाट्याला येतं तेवढं आणि जेवढं पेलवेल त्या व्याजानं फेडू, आधी शाळा चालवू. परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी आले आणि त्यांना दाराबाहेर ठेवण्यात आलं नाही. त्याच नोव्हेंबरात पक्षानं विधिमंडळ जिंकलं. डझनाहून अधिक कृष्णवर्णीय आमदार निवडून आले होते आणि त्यांच्या पाठिंब्याशिवाय बहुमत जमत नव्हतं. विधिमंडळानं महोनला सेनेटवर पाठवलं. १८८१ मध्ये विल्यम कॅमेरॉन गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि सगळं राज्य रिॲडजस्टरांच्या हातात आलं.

पुढे जे झालं ते थोडक्यात उरकून टाकायचं म्हटलं तर अन्याय होईल.

१८८२ च्या रिडलबर्गर कायद्यानं कर्ज सुमारे २ कोटी १० लाख डॉलरांवर आणि व्याज तीन टक्क्यांवर आलं. शाळांचा थकलेला पैसा शाळांना मिळाला. बंद वर्ग उघडले. कृष्णवर्णीय शिक्षकांची संख्या चार वर्षांत चारशेच्या आसपासवरून पंधराशेच्या वर गेली आणि शाळेत जाणारी कृष्णवर्णीय मुलं दुपटीहून अधिक झाली. मत देण्यासाठी भरावा लागणारा पोल टॅक्स रद्द झाला. हा कर गरिबाला, मग तो कोणत्याही रंगाचा असो, मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठीच आणलेला होता. किरकोळ चोरीसाठी भर चौकात खांबाला बांधून फटके मारण्याची शिक्षा बंद झाली. ही शिक्षा बहुतेक वेळा कृष्णवर्णीयांच्या पाठीवर पडे आणि त्या गुन्ह्याबरोबर मताचा हक्कही जाई, म्हणून या खांबाविषयी त्यांच्या मनात खोल चीड होती. १८८२ मध्येच, आल्फ्रेड हॅरिस या कृष्णवर्णीय आमदारानं मांडलेल्या विधेयकातून, पीटर्सबर्गजवळ 'व्हर्जिनिया नॉर्मल अँड कॉलेजिएट इन्स्टिट्यूट' ही संस्था निघाली. शिकवणारे कृष्णवर्णीय, शिकणारे कृष्णवर्णीय आणि खर्च सरकारचा. तिच्या उभारणीला १ लाख डॉलर मिळाले, तेही महोनच्या बुडालेल्या रेल्वेच्या विक्रीतून राज्याच्या हाती आलेल्या रकमेतून. आजचं व्हर्जिनिया स्टेट विद्यापीठ ते हेच.

त्याआधीच्या दशकात पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. ते वर्ष १८७३. व्हर्जिनियाची तिजोरी कूपनांनी भरत होती आणि शाळांच्या हक्काचा पैसा आटू लागला होता, तो हाच काळ. आणि १८८२ मध्ये, रिॲडजस्टर शाळा उघडत होते त्याच वर्षी, फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सांगितलं की सरकारचं उत्पन्न रयतेच्या घामातून येतं, तेव्हा ते रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हायला हवं. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण फुल्यांचा युक्तिवाद महोनच्या पक्षातल्या एखाद्या शेतमजुराला ऐकवला असता तर त्याला तो ओळखीचा वाटला असता.

महोन संत नव्हता, आणि त्याला संत करण्याची गरजही नाही. सामाजिक जीवनात गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र यावेत असं तो कधी म्हणाला नाही. शाळा वेगळ्याच राहिल्या. त्याला हवी होती मतं आणि सत्ता. पण ती मिळवण्यासाठी त्यानं समोरच्या माणसाला खरंखुरं काहीतरी दिलं, नोकरी, शाळा, मताचा हक्क, ज्यूरीत जागा. त्याच काळात साउथ कॅरोलायनात जनरल वेड हॅम्प्टन आणि जॉर्जियात जनरल जॉन गॉर्डन हे दोघंही राजकारणात शिरले आणि सेनेटपर्यंत पोचले. १८७६ मध्ये हॅम्प्टनला गव्हर्नर करण्यासाठी लाल सदरे घातलेल्या सशस्त्र गोऱ्यांच्या टोळ्या फिरल्या, कृष्णवर्णीयांची मतं दडपली गेली. महत्त्वाकांक्षा तिघांचीही होती. एकानं ती मतदार वाढवून पुरी केली, दुसऱ्यांनी मतदार कमी करून. हा फरक लहान नाही.

त्याचा मोठा दोष हुकूमशाहीचा. रेल्वे चालवली तसाच त्यानं पक्ष चालवला. विधिमंडळातल्या उमेदवारांकडून तो पक्षाच्या बैठकीतला निर्णय पाळण्याची लेखी हमी घेई. पोस्टमास्तरांपासून गोदीतल्या कारकुनांपर्यंत केंद्राच्या नेमणुका त्याच्या शब्दावर होत आणि नेमलेल्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी कापली जाई. १८८२ मध्ये राज्याच्या सेनेटमधले त्याच्याच पक्षाचे चार सदस्य त्याच्या विधेयकांना आडवे गेले. कर्जाचा प्रश्न सुटल्यावर पक्षाला बांधून ठेवणारा दोराही सैल झाला होता. डेमोक्रॅटांनी चतुराईनं जाहीर केलं की नवा कर्जकायदा आम्हालाही मान्य आहे. मग लढायला एकच विषय उरला, रंग.

दक्षिण सीमेवरचं डॅनव्हिल हे तंबाखूच्या व्यापाराचं गाव. तिथे बारा जणांच्या नगरपरिषदेत चार कृष्णवर्णीय निवडून आले होते, पोलिसांतही काही होते. ऑक्टोबर १८८३ मध्ये तिथल्या २८ गोऱ्या व्यापाऱ्यांनी एक पत्रक छापलं. कृष्णवर्णीयांचं राज्य आल्यानं गाव कसं नासलं याची अतिरंजित वर्णनं त्यात होती, आणि ते मुद्दाम पश्चिमेच्या डोंगराळ भागात वाटलं गेलं, जिथे गोरे शेतकरी महोनला मतं देत होते. ३ नोव्हेंबरच्या शनिवारी रस्त्यात धक्का लागण्यावरून बाचाबाची झाली आणि सशस्त्र गोऱ्यांनी जमावावर गोळ्या झाडल्या. चार कृष्णवर्णीय आणि एक गोरा मेला. मतदान तीन दिवसांवर होतं. कृष्णवर्णीय उठले आहेत अशी अफवा राज्यभर पसरवली गेली. डॅनव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मतदार घराबाहेर पडले नाहीत. डेमोक्रॅट प्रचंड बहुमतानं आले. स्थानिक चौकशीनं दोष कृष्णवर्णीयांवर ढकलला, अमेरिकी सेनेटच्या समितीनं तो गोऱ्यांवर ठेवला. त्यानं काही बदललं नाही. पुढच्याच वर्षी निवडणूक यंत्रणा कायद्यानं डेमोक्रॅटांच्या हाती गेली.

१८८७ मध्ये महोनची सेनेटची मुदत संपली आणि ती जागा जॉन डॅनियल यांच्याकडे गेली. मग १८८८ मध्ये त्याची सर्वांत वाईट चूक झाली. पीटर्सबर्गच्या मतदारसंघातून जॉन मर्सर लँगस्टन उभे राहिले. ते नामांकित वकील, हैतीला अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले आणि महोनच्याच पक्षानं काढलेल्या त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. मतदारसंघात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. महोननं त्यांच्याविरुद्ध गोरा उमेदवार दिला आणि सगळं बळ त्याच्या मागे लावलं. कृष्णवर्णीयांनी मतं द्यावीत, आमदारही व्हावं, पण वॉशिंग्टनला आपल्या परवानगीशिवाय जाऊ नये, अशी त्याची मर्यादा इथे उघडी पडली. लँगस्टन लढले, निकालाला आव्हान दिलं आणि सप्टेंबर १८९० मध्ये व्हर्जिनियाचे पहिले कृष्णवर्णीय खासदार म्हणून प्रतिनिधीगृहात बसले. ज्या मतदारांनी महोनला मोठं केलं होतं त्यांचा विश्वास त्यानं स्वतःच्या हातानं घालवला. १८८९ ची गव्हर्नरपदाची निवडणूक तो मोठ्या फरकानं हरला. ८ ऑक्टोबर १८९५ ला वॉशिंग्टनमध्ये त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या विरोधकांनी नंतर जे केलं ते पाहिलं की त्या चार वर्षांची किंमत कळते. १९०२ मध्ये व्हर्जिनियात नवी राज्यघटना लागू झाली. ती लोकांच्या मताला न टाकता नुसती जाहीर करण्यात आली. पोल टॅक्स परत आला. कृष्णवर्णीय मतदार बहुतेक सगळे यादीतून गेले आणि त्यांच्याबरोबर हजारो गरीब गोरेही गेले. त्याच वर्षी पीटर्सबर्गच्या त्या संस्थेचा महाविद्यालयीन अभ्यासक्रमही काढून घेण्यात आला. राज्याच्या निवडणुकांतला पोल टॅक्स अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढला तो १९६६ मध्ये, व्हर्जिनियाच्याच खटल्यात. महोनच्या पक्षानं १८८२ मध्ये केलेलं काम पुन्हा व्हायला ८४ वर्षं लागली.

आठवणीचा हिशेबही तसाच चुकता केला गेला. तो रिॲडजस्टर झाला तशी त्याच्या जुन्या सोबत्यांना क्रेटरची लढाई वेगळी आठवू लागली. उलट चाल करण्याचा हुकूम महोनचा नव्हताच, असं त्याच्या हाताखाली लढलेले अधिकारी छापू लागले. लाँगस्ट्रीटच्या बाबतीत हेच घडलं. रिपब्लिकन झाल्यावर गेटिसबर्गच्या लढाईतल्या पराभवाचं सगळं खापर त्यांच्यावर फुटलं. २९ मे १८९० ला रिचमंडमध्ये लींचा भव्य पुतळा उभा राहिला, मग त्या रस्त्यावर पुतळ्यांची रांगच लागली. त्या रांगेत महोन नव्हता. क्रेटरच्या मैदानावर त्याच्या नावाचा एक स्तंभ आहे, तो युद्धातल्या त्या सकाळसाठी. शाळांसाठी किंवा पोल टॅक्स हटवल्याबद्दल नाही. लींचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला गेला तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं. पुतळे उतरवणं आवश्यकच होतं. पण मोकळ्या चौथऱ्यांभोवती झालेल्या चर्चेत, दक्षिणेत त्या काळी सगळे तसेच होते, दुसरं काही शक्यच नव्हतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना १८७९ ते १८८३ चा व्हर्जिनिया दाखवला पाहिजे, महोनच्या दोषांसकट.

पीटर्सबर्गमधलं महोनचं राहतं घर १९२० च्या दशकात शहराच्या वाचनालयासाठी दान दिलं गेलं. अट अशी होती की तळघर कृष्णवर्णीयांसाठी ठेवावं. वरचे प्रशस्त दिवाणखाने गोऱ्यांसाठी, आणि कृष्णवर्णीयांना बाजूच्या दारानं खाली. २७ फेब्रुवारी १९६० ला सुमारे १४० जण पुढच्या दारानं आत शिरले आणि खुर्च्यांवर बसले. त्यांच्यात व्हर्जिनिया स्टेट कॉलेजचे, म्हणजे १८८२ च्या त्या संस्थेचे, विद्यार्थी होते. वाचनालय घाईघाईनं बंद करण्यात आलं. मार्चमध्ये ते पुन्हा आले आणि अटका झाल्या. गिलफील्ड बॅप्टिस्ट चर्चचे तरुण पाद्री वायट टी वॉकर टेबलाजवळ गेले आणि त्यांनी एक पुस्तक मागितलं. ते डग्लस साउदॉल फ्रीमन यांनी लिहिलेलं रॉबर्ट लींचं चरित्र होतं. ते वरच्या मजल्यावर होतं. वॉकरना तुरुंगात नेण्यात आलं. त्याच वर्षी वाचनालय सगळ्यांसाठी उघडलं.